ओड्वारचं अस्वल

ओड्वार मिरवांगच्या जिभेला हाड नव्हतं, आणि उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या किनाऱ्यांवर ती जीभ विशेष चाले. जहाजावरच्या पाहुण्यांना रबरी बोटींतून किनाऱ्यावर उतरवायचं आणि ते सुळेवाले अगडबंब वॉलरस नाहीतर पक्षी बघत असले की आपण बंदूक घेऊन उंचवट्यावर उभं राहायचं, पांढरं अस्वल येत नाही ना ते बघत, हे त्याचं काम. साठी जवळ आली होती, पण त्यानं 'अस्वल' म्हणून दिलेली हाक आजवर एकदाही खोटी निघाली नव्हती. ही गोष्ट तो स्वतःच सारखी सांगे, त्यामुळे ती विसरायची कुणाला सोय नव्हती.

नियम साधा होता. पहाऱ्यावरच्या माणसानं वॉकीटॉकीवर 'अस्वल' म्हटलं की विषय संपला. कुठाय, केवढंय, नक्की का, असलं काही विचारायचं नाही. सगळ्यांनी मुकाट बोटीत बसायचं. पुढे ते अस्वल दगड निघालं, तर ज्यानं हाक दिली त्यानं सगळ्या खलाशांना साच्यात वॅफल भाजून घालायचे. जूनमध्ये ट्रोम्सोच्या एस्किलनं, त्याचा पहिलाच मोसम, वाहून आलेल्या ओंडक्याला अस्वल ठरवलं. ओड्वारनं त्याचे वॅफल खाल्ले, वर जॅम मागून घेतला, आणि तेव्हापासून किनाऱ्यावर लाकूड दिसलं की, "एस्किल, तुझे सासरचे आलेत बघ," हे ठरलेलं.

त्या दिवशी सकाळी धुकं उतरलं आणि पहिली फेरी रद्द झाली. फ्रीसलंडच्या हेन्ड्रिक्ये आजी न्याहारीच्या टेबलावर ओड्वारला म्हणाल्या होत्या, की नातवंडांनी वॉलरसचा फोटो मागितलाय. नुसतं धुकंच बघायचं होतं तर ते घरी फुकट मिळतं. दुपारी धुकं फाटलं आणि सगळे उतरले.

वाळूवर वॉलरस एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून पडले होते, लग्नघरातल्या जेवणानंतर वऱ्हाड आडवं होतं तसे. वासही साधारण जड जेवणानंतरचाच. पाहुणे एकामागे एक, दबक्या पावलांनी पुढे सरकत होते. आजींनी नुकता कॅमेरा वर केला होता.

आणि उंचवट्यावरून ओड्वारला ओढ्यापलीकडे काहीतरी पिवळट दिसलं.

बर्फ पांढरा असतो, अस्वल सायीच्या रंगाचं. हे सायीच्या रंगाचं होतं. पण हलत नव्हतं. दुर्बिणीत मधली हवा थरथरत होती, त्यामुळे दगडसुद्धा श्वास घेतोय असं वाटे. मघाशी ते तिथं होतं का? त्याला आठवेना, आणि तेच त्याला जास्त टोचलं. दगड असेल, त्यानं स्वतःला समजावलं. थोडं पुढे जाऊन बघावं, असंही मनात आलं. मग जहाजाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं: आपण पीठ फेटतोय, दारात एस्किल उभा आहे. त्यानं दुर्बीण पुसून पुन्हा लावली, परत पुसून लावली. पुन्हा पुसली. पुन्हा लावली.

खाली आजी आणखी एक पाऊल पुढे सरकल्या. तेव्हा कुठे त्यानं बटण दाबलं.

"अस्वल. ओढ्यापलीकडे."

कुणी काही विचारलं नाही. पाहुणे वळले, वॉलरसांनी एक डोळा उघडून मिटला, आणि बघता बघता किनारा रिकामा झाला. मग मोहिमेची प्रमुख सिन्नोवे हिनं बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं ओढ्याच्या मुखाशी नेली. पिवळट अस्वल उठलं, अंग झाडलं, चार आखूड पायांवर उभं राहिलं आणि शेवाळ चरायला लागलं. रेनडिअर. तेही चांगलं गुबगुबीत.

बोटीत कुणी हसलं नाही. पाहुण्यांसमोर हसायचं नसतं. जहाजावर मात्र खलाशांनी कसर भरून काढली. पहिला वॅफल करपला, दुसरा साच्याला चिकटला, तिसऱ्याला यंत्रघरातला एक जण म्हणाला की हा शिंगांसकट आहे वाटतं. हेन्ड्रिक्ये आजी तर आवर्जून खाली आल्या आणि म्हणाल्या, फोटो अर्धाच आला, पण प्राणिसंग्रहालयात आपल्याला इतकं कुणी पळवलं नसतं.

एस्किल सगळ्यात शेवटी आला. ओड्वारनं मान खाली घालून त्याच्या ताटात वॅफल टाकला आणि टोमण्याची वाट बघितली. टोमणा आला नाही.

"किती वेळ बघत होतास?" एस्किलनं विचारलं.

"कशाला विचारतोस?"

"मी बोटीपाशी उभा होतो, मला दिसत होतं. तीनदा दुर्बीण पुसलीस तू."

ओड्वारनं साचा बंद केला. "वॅफल आठवले," तो म्हणाला.

"मला तर ओंडका दिसला तेव्हा वॅफलची शिक्षा माहीतच नव्हती. म्हणून पटकन बोललो." एस्किलनं जॅम वाढून घेतला. "आता मीसुद्धा दुर्बीण पुसायला लागलोय, म्हातारबा."

एवढं बोलून तो खायला बसला. ओड्वारचा पुढचा वॅफलही करपला, पण या वेळी त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर, तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणून उन्हं तशीच असताना, तिसरी फेरी निघाली. पहाऱ्याला एस्किल होता. बोटीत चढता चढता ओड्वार त्याला म्हणाला, शंका आली की बोलून टाक. पीठ उरलंय, भाजायला मी आहे. पाहुण्यांचे पाय जेमतेम वाळूला लागले असतील, तोच वॉकीटॉकी खरखरला: अस्वल, डावीकडच्या उतारावर.

ओड्वारनं डावीकडे बघितलं. बर्फ होता. एकदम पांढरा, चपटा, कडेनं वितळून पाणी गळणारा. आंधळ्यालाही कळला असता. त्याच्या जिभेवर एकाहून एक सरस तीन टोमणे धावत आले.

त्यानं हेन्ड्रिक्ये आजींना हात दिला, बोटीत बसवलं, आणि जहाज येईपर्यंत दात घट्ट मिटून ठेवले. आजींनी त्याला विचारलंसुद्धा, दाढ दुखतेय का म्हणून.