मास्कमधली फुंकर

"ती पोरगी बाबांच्या जखमेवर मंतर टाकते!" पेशंटचा मुलगा मेट्रनच्या केबिनमध्ये ओरडत होता. मला बोलावलं, कारण वाशीच्या आमच्या हॉस्पिटलात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. म्हणजे कुणी हात धुतले नाहीत की बोंब मारायची ती मीच.

पोरगी म्हणजे नाझनीन, रोह्याकडची, नुकतीच लागलेली नर्स. बाबा म्हणजे कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले पांडुशेठ. शुगरमुळे पायाची जखम भरत नव्हती. नाझनीन रोज ड्रेसिंग करायची आणि शेवटी काहीतरी पुटपुटून फुंकर मारायची. त्या फुंकरीने शेठना म्हणे आराम पडायचा.

मेट्रन तर पहिल्या दिवसापासून हात धुऊन तिच्या मागे लागल्या होत्या. "तू फक्त लिहून दे, ही इन्फेक्शन पसरवते. आजच काढते तिला."

आली का पंचाईत! उघड्या जखमेवर फुंकर मारणं चूकच. तोंडातले जंतू आत जातात. पण शेठच्या उशीखाली मुलानेच अंगाऱ्याची पुडी ठेवली होती. अंगारा चादरीवर सांडला होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मी नाझनीनला गाठलं. ती रडकुंडीला आली होती.

"दुवा मागते, सिस्टर. लागलं की अम्मी असंच करायची."

"मास्क काढून?"

"नाय ओ! मास्क कशाला काढू?"

मी चक्रावलेच. मास्कमधून फुंकर बाहेर येणार कशी? जखमेला वारासुद्धा लागत नसणार. मग शेठना आराम कशाने पडत होता?

"नियम मोडलेला नाही. मी लिहून देणार नाही," मी मेट्रनना सांगितलं.

"तू तिची वकील का?" म्हणत त्यांनी नाझनीनला दुसऱ्या मजल्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या सिस्टरने ड्रेसिंग केलं. अगदी नियमात. शेठनी वॉर्ड डोक्यावर घेतला. "त्या पोरीला बोलवा! तिच्या हाताला गुण हाय!" शेवटी मुलगाच मान खाली घालून मेट्रनकडे गेला.

नाझनीन परत आली, पण पुटपुटायचं नाही या अटीवर. ड्रेसिंग संपलं. ती ट्रे आवरू लागली. मी शेजारीच होते.

"आज फुंकर नाय?" शेठनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मास्क नीट आहे ना? मग मार," मी म्हटलं.

जखम भरली. औषधाने, दुव्याने की अंगाऱ्याने, मला अजून उमगलेलं नाही. डिस्चार्जला मुलाने पेढे वाटले. नाझनीनला दोन दिले, माफी मात्र मागितली नाही. मेट्रन तर तिच्याशी आजही धड बोलत नाहीत.

जंतू कशाने मरतात ते मला तोंडपाठ आहे. माणसांच्या मनातलं हे कशाने मरतं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही.