लाल काचेने गिळलेलं कुंकू

रविवारी सकाळी बरोबर सव्वानऊला मी आपल्या हाताने घोटाळा करून ठेवला. हसाल तर हसा, पण आधी ऐका तरी!

बाळंतपणानंतर आई मला जामखेडहून चिंचवडला, ह्यांच्याकडे पाठवायला तयारच नव्हती. "यंत्रापाशी काम करणारा माणूस, कधी काय होईल!" हा एकच घोर. म्हणून ठरवलं, बाळाला मांडीवर घेऊन छानसा फोटो काढायचा आणि जामखेडला धाडायचा. पाहून तिला धीर येईल.

ह्यांनी कारखान्यातल्या मित्राचा कॅमेरा आणला. सोबत डबीत गोल काचा. पिवळी, हिरवी, लाल.

"अहो, ह्या कशाला?"

"कॅमेऱ्याच्या भिंगावर लावतात. पिवळीने ढग उठून दिसतात म्हणे."

"मग लाल लावा ना! माझं कुंकू उठून दिसेल."

"अगं, फोटो काळा-पांढराच येणार."

"ढगांना काच, आणि बायकोला नाही?"

लावली बिचाऱ्यांनी. मी रुपयाएवढं कुंकू रेखून उन्हात बसले.

फोटो हाती आला तेव्हा हे कामावर होते. बाळाचे डोळे उघडे आले होते हो! माझी नजर त्याच्यावरून हलेचना. चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, नुसता फोटो टपालात टाकला. म्हटलं, फोटोच काय ते सांगेल.

सांगितलं की त्याने!

एका सकाळी दारात आई आणि दादा. आईने मला मिठी मारून हंबरडाच फोडला. "पोरी, कसं गं झालं हे!"

दादाची मान खाली. बाबा कुठे दिसेनात. म्हणजे... बाबा? मीही गळा काढला! आई मला थोपटतेय, मी आईला.

शेजारच्या फातिमाभाभी धावत आल्या. "हाय अल्ला! कोण गेलं?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं, मी आईकडे!

तेवढ्यात मोरीतून डोकं पुसत हे बाहेर. "अगं, चहा टाकलास का?"

आई मटकन खालीच बसली. दादाने खिशातून फोटो काढला. बघते तर काय? कपाळ कोरं! लाल काचेतून लाल रंग म्हणे फोटोत पांढुरकाच उमटतो; तिने नेमकं कुंकूच गिळलेलं. मंगळसूत्र बाळाच्या टोपड्याआड. आणि हे फोटोत नाहीतच. कसे असणार? कॅमेरा धरून तेच उभे!

"चिठ्ठीपण नाही," आई डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, पोरीला लिहायचं त्राणच उरलं नसेल. आणि काय गं, ही काच लावायची बुद्धी कुणाची?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी बाळाकडे.

बाबा तिकडे म्हशीपाशी खुशाल होते. पण तो फोटो गावभर फिरलाय. अजून कोणी ना कोणी डोळे पुसत दारात येतंच. तेव्हा जामखेडकडे निघाला असाल, तर भेटेल त्याला एवढं सांगा हो: माणूस धडधाकट आहे, डोकं ठिकाणावर नाही ते बायकोचं!