आमच्या रग्बी क्लबचा पहिला अन् शेवटचा सामना

हसणार नसाल तं सांगतो. हसालच म्हणा, पण निदान चहा तोंडात असताना हसू नका. गावातलं एकुलतं एक मैदान म्या माह्या हातानं घालवलं भाऊ, अन् तेही पूर्ण इमानदारीनं!

आमचं गाव नाचणगावच्या पलीकडे. शाळेमागे मोठ्ठं मैदान, त्याच्या एका कोपऱ्यात आम्ही वीस वर्षं कबड्डी खेळलो. एक दिवस सरपंच म्हणाले, "तिथं दुकानांचे गाळे काढून राह्यलो."

"अन् आम्ही कुठं खेळावं?"

"कबड्डीले एवढी जागा कायले लागते बे? कोणाच्याई अंगणात होते!"

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मंग म्या मोबाईलवर सगळ्यात जास्त जागा खाणारा खेळ शोधला. रग्बी लीग! शंभर मीटर मैदान, एका बाजूले तेरा गडी. लांबोळका चेंडू बगलेत घेऊन पळायचं, समोरच्यानं पाडलं तं उठून पुन्हा खेळायचं, अन् शेवटच्या रेषेपल्याड चेंडू टेकवला का गुण. काढला क्लब!

आठ दिवसांत कार्यकारिणी तयार. अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, मार्गदर्शक, प्रमुख मार्गदर्शक... सतरा पदाधिकारी! तेरा खेळाडू जमवता जमवता मात्र नाकी नऊ आले. चेंडू यायच्या आधी बॅनर लागलं, अन् त्यावर फोटो सरपंचाचा. सत्कार एवढे झाले का शाली संपल्या, शेवटच्या दोघांले टॉवेल दिले. पुलगावातून लोक सराव पाहाले येऊ लागले. मी प्रशिक्षक! सारे मले 'कोच साहेब' म्हणत. बायको सोडून.

सरपंचही नरमले. "नागपूरची टीम बोलाव. त्यांच्यासमोर एक गुण जरी काढला तं मैदान तुमचं. नाई तं गाळे."

आता माही चूक ऐका. आमचे गडी सारे चाळिशीतले, नियम वाचते कोण? आमचा गजू म्हणाला, "कोच, थोडक्यात सांगा ना."

मी छाती फुगवून म्हणालो, "अरे, कबड्डीच समजा! फक्त हातात चेंडू आहे."

सरावात काही कळलं नाई, कारण समोर उभे राहाले पदाधिकारीच होते. कडक इस्त्रीच्या कपड्यात कोण कोणाले पाडते?

सामन्याले अख्खं गाव लोटलं. गजू चेंडू घेऊन सुटला. नागपूरच्या एकानं कमरेत धरून आपटला त्याले. गजू उठला, चेंडू पंचाच्या हातात दिला, माती कपाळाले लावली अन् बाहेर येऊन बसला!

"काऊन बे?" मी ओरडलो.

"धरलं ना मले. आउट झालो!"

मंग दुसरा आला. मंग तिसरा. पंच शिट्ट्या मारून थकला. "अरे भाई, वापस आओ!"

"कसं येऊ?" आमचा तिसरा म्हणते. "आपल्यावाल्याले त्यांचा एक गडी मारू द्या, मंग येतो. बेइमानी नाई करत आपण!"

अर्ध्या खेळात आमचे आठ जण बाहेर ओळीनं, मांडी घालून. एवढी शिस्त तं ग्रामसभेतही दिसत नाई. तिकडे सरपंचानं मोजायचा टेप मागवला. तो टेप पाह्यला अन् मी ताडकन उठलो. वीस वर्षं घाम गाळला होता हो त्या मातीत! गजूची जर्सी अंगावर चढवली अन् मी स्वतःच उतरलो.

चेंडू हाती आला. धावलो! एकाले चुकवलं, दुसऱ्याले चुकवलं. रेषा राह्यली चार पावलं. सारं गाव बोंबललं, "टेकव! टेकव!" अन् तेवढ्यात एका पोट्ट्यानं मांगून माही जर्सी धरली. नुसती धरली हो, पाडलंही नाई!

मी थांबलो. चेंडू पंचाले दिला. माती कपाळाले लावली, अन् जाऊन गजूच्या बाजूले बसलो.

गजू जरासा सरकला अन् म्हणाला, "म्हणजे आम्ही बरोबरच खेळून राह्यलो होतो."

क्लब त्याच दिवशी बुडाला. कार्यकारिणी अजून आहे, अध्यक्षपदावरून भांडण चालू आहे.

गाळ्यांच्या उद्घाटनाले सरपंचानं भर सभेत माहं नाव पुकारलं. 'मैदान मोकळं करून देण्यात मोलाचं सहकार्य' म्हणून सत्कार! अन् म्या काय केलं असंन? नवा सदरा घालून गेलतो ना भाऊ. मान वाकवली अन् हार घालून घेतला!