पहिली तांबोशी

बाबांच्या तळहाताला चिकटलेला एक खवला उन्हात चमकत होता. अख्ख्या होडीत माशाची म्हणून तेवढीच खूण उरली होती.

बाबा, धाकटी बहीण आणि मी पहाटेच पाण्याखालच्या खडपावर होडी उभी करून गळ टाकून बसलो होतो. बऱ्याच वेळानं बाबांच्या दोरीला वीतभर तांबोशी लागली. त्यांनी ती अलगद सोडवली, कपाळाला लावली आणि पाण्यात सोडून दिली. पहिला मासा दर्याचा, हा आमच्या घरचा रिवाज. त्यानंतर दुपार कलली तरी कुणाची दोरी हलली नाही.

"बाबा, ती तरी ठेवायची. आईनं वाटण करून ठेवलंय," बहीण म्हणाली.

"पहिली होती गं ती," बाबा म्हणाले.

पण पहिली म्हणायला मागून दुसरी यावी लागते. आजोबांच्या काळी ती यायची, म्हणून देताना हात आखडत नसे. देवापुढे नैवेद्य ठेवतो, तोही मागे टोप भरलेला असतो म्हणूनच. रिकाम्या टोपातून काय वाढायचं, हे कुणी शिकवलं नाही.

किनारा जवळ आला तसे बाबांनी सवयीनं समुद्रात हात धुतले. तो खवलाही गेला.