मॉनिटरची डावी बाजू

मी मुळातच काळजीखोर. दूध उतू जायच्या आधीच माझा जीव खालीवर व्हायला लागतो. त्यात ऐन लगीनसराईच्या तोंडावर माझा मॉनिटर बिघडला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. औरादला आमच्या घराच्या ओसरीत बसून मी लग्नपत्रिका, अर्ज, दाखले टाइप करून द्यायची, मराठीत आणि कन्नडमध्ये. तो जुना डबा-मॉनिटर असा थरथरायचा, की नवरीचं नाव तपासता तपासता माझ्याच डोळ्यांतून पाणी यायचं, आणि लोकांना वाटायचं, बाईला दुसऱ्याच्या लग्नाचं केवढं दुःख!

तक्रार मात्र माझ्यापेक्षा अप्पांचीच जास्त. अप्पा म्हणजे माझे वडील. औराद-बीदर रस्त्यावर शिटांची, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणारी जीप चालवायचे. दिवसभर स्टेअरिंग धरून आलेला माणूस संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीत बसायचा आणि कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा. "अवो, दिवसभर पोट भरलं न्हाई व्हय?" आई म्हणायची. "इथं डिझेल लागत न्हाई," अप्पांचं ठरलेलं उत्तर.

हिवाळ्यात त्यांना एकदा मोठी चक्कर आली. थोडे दिवस पडून राहिले, मग उठून कामाला लागले. पण तेव्हापासून गेममध्ये सारखे धडकायला लागले. डावीकडून येणारी गाडी त्यांना दिसायचीच नाही. "ह्या डबड्याची डावी बाजू गेली हाय बघ, माय," ते मला म्हणायचे. मला तर अख्खं चित्र दिसायचं, थरथरत का होईना. पण मॉनिटर तसाही बिघडलेलाच होता, त्यामुळं त्यांचं म्हणणंही मला खरंच वाटलं. त्याच सुमारास जीपच्या डाव्या अंगाला एक पोचा आला, मग अजून एक. विचारलं की म्हणायचे, स्टँडवर कुणीतरी घासून गेलं.

शेवटी आम्ही बीदरला जाऊन नवीन मॉनिटर घ्यायचं ठरवलं. जाताना मी जीपमध्ये पुढं, अप्पांच्या डाव्या हाताला बसले. आमच्याकडं शिटांच्या जीपला डाव्या फूटबोर्डवर एक जण कायम लटकलेला असतो. त्या बाजूला किती जागा आहे ते बघून तो पत्र्यावर थापा मारतो, आणि ड्रायव्हर त्या थापांवर गाडी काढतो. अप्पांचा तो लटकणारा गडी त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेला होता. बीदर जवळ आलं, तेव्हा पुढं उसाची बैलगाडी चालली होती. जीप तिला इतकी खेटून गेली, की उसाची पानं माझ्या कानाला सपासप लागली.

"अप्पा!" मी ओरडले.

"काय झालं?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. त्यांचा तो शांतपणा बघून मला जास्तच भीती वाटली.

आम्ही दुकानात शिरलो. तिथं डब्याचे मॉनिटर कोपऱ्यात पडलेले, आणि समोर नवे चपटे, रुंद मॉनिटर मांडलेले. माझ्या डोक्यात प्रश्नांची नुसती गर्दी. आपल्या ऐपतीतला घेतला तर डोळ्याला त्रास होईल का? कन्नड अक्षरांच्या खाली लोंबणारी बारकी जोडाक्षरं स्पष्ट दिसतील का? आमच्या लाइटीचं हे असलं कमी-जास्त होणं त्याला सोसेल का? रुंद मॉनिटरवर पत्रिकेची दोन्ही पानं शेजारी शेजारी मावत होती, म्हणून त्यातलाच एक स्वस्तातला माझ्या मनात भरला. वेगाच्या खेळात चित्र जरा फरफटतं, असं दुकानदारानं स्वतःहून सांगितलं. अप्पांनी खिशातून आपली गेमची सीडी काढली. बघितल्याशिवाय वस्तू घेणाऱ्यातले ते नव्हतेच.

गेम सुरू झाला आणि अप्पांनी लगेच मान हलवली. "हा नको. ह्याची डावी बाजू दिसत न्हाई."

दुकानदारानं दुसरा जोडला. "ह्याचीबी न्हाई." तिसरा जोडला. "काय माल ठिवलाय हो तुमी? सगळे तसलेच!"

"चाचा, पूरा पिक्चर है. शक नक्को करो," दुकानदार हसत म्हणाला.

"माय, तूच सांग ह्याला. डावीकडं काय हाय का?"

डावीकडं एक लालभडक गाडी होती. अप्पांच्या गाडीवर येत होती. मी बघत असतानाच येऊन धडकली. मी पुढं झाले, मॉनिटरच्या डाव्या अर्ध्यावर हात धरला आणि बोटं हलवली.

"अप्पा, माझा हात दिसायलाय का?"

"कोणता हात?"

देवा रे! कानाला अजून उसाची पानं लागल्यासारखी वाटत होती. हा माणूस रोज लेकुरवाळ्या बाया, मास्तर, बाजारची म्हातारी माणसं घेऊन त्या रस्त्यानं जातो.

"अप्पा, मॉनिटर चांगला हाय," मी कसंबसं म्हणाले. "आपण आधी डॉक्टरकडं जाऊ. आत्ताच."

"कामून? माझ्या डोळ्याला काय धाड भरली? शिटा खोळंबल्यात तिकडं!" ते तडक बाहेर पडले. मी दुकानदाराला तो मॉनिटर बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्यांच्या मागं पळाले.

स्टँडवर आमची जीप औरादच्या शिटांनी भरलेली होती. मागं एक बाई लेकराला पाजत बसली होती. ह्या लोकांना मी काय सांगणार? माझ्या बापाला दिसत नाही, उतरा? ज्या स्टेअरिंगवर त्यांची सगळी इज्जत, ते चारचौघांत कसं सोडायला लावू? आणि नाही सांगितलं तर? मी गपचूप माझ्या जागेवर, त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. जीप सुरू झाली, कुणीतरी पत्र्यावर थाप मारली, पण अप्पांनी गाडी काढली नाही.

"आमची पोरगी कुठं ऱ्हायली?" त्यांनी मागं वळून विचारलं.

मागचं कुणीतरी मोठ्यानं हसलं. "अण्णा, तुमच्या शेजारीच तर बसली की!"

अप्पांनी मान डावीकडं वळवली. वळवत गेले, वळवत गेले, तेव्हा कुठं मी त्यांना दिसले. मी रडत होते. ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. मग त्यांनी जीप बंद केली.

"ह्यांना दुसऱ्या गाडीत बसव, माय," ते म्हणाले. "आणि हात दे हिकडं."

मी हात पुढं केला, मग आठवलं, आणि तो उजवीकडं, त्यांना दिसेल असा धरला. त्यांनी जीपची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.