हात पुरेल एवढी उंची

मिस्त्रीणबाई बुटक्या. आता यात लपवण्यासारखं काय आहे? टाचा उंचावल्या तरी नवऱ्याच्या खांद्याला लागायच्या नाहीत. सासू मात्र लेकासारखीच ताडमाड. नवी सून घरात आली त्याच आठवड्यात त्या माउलीने साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. का, तर म्हणे मुंग्या लागतात. मुंग्या कसल्या डोंबलाच्या! सुनेने चमचाभर साखरेसाठीसुद्धा "सासूबाई, जरा डबा काढून देता?" म्हणावं, एवढाच त्यातला मतलब. आणि सासूबाई लगेच उठायच्या थोड्याच? आधी केस विंचरून होणार, मग शेजारणीशी गप्पा होणार, मग कधीतरी डबा खाली येणार. असं मागता मागता बाईंचे केस पिकले.

सासू गेली. मिस्त्रींनीही बाहेरची सुतारकामं सोडली. जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं सजवली, आता म्हणाले, आपल्या घरी कपाटं करतो. बाई हरखल्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"अहो, वरची कपाटं माझ्या हाताला येतील अशी लावा. बाकी तुमच्या मनासारखं करा."

"हो गं," मिस्त्री म्हणाले आणि प्लायवूडवर रेघ मारू लागले.

मग घराची जी दशा झाली ती काय सांगावी. पलंगावर बिजागऱ्या, दारात फळ्या, भाजीत भुसा. बाईंनी मात्र हातभारच लावला. फळ्यांची टोकं धरली, पॉलिशचे कपडे धुतले, सनमायका नीट चिकटावा म्हणून वजनाला वर जाऊन बसल्यासुद्धा.

कपाटं भिंतीला लावायच्या दिवशी त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हात वर केला. "इथे," म्हणाल्या.

"बाजूला हो, डोळ्यात धूळ जाईल," मिस्त्री ड्रिलमध्ये पातं बसवत म्हणाले. वळून बघितलंसुद्धा नाही.

कपाटं झकास झाली. बाईंची बोटं मात्र जेमतेम दाराच्या खालच्या कडेला टेकली.

"अहो, फार वर गेली ही."

"ठरलेलं माप असतं ते. सगळ्या घरांत मी एवढ्यावरच लावलीत. आणि तुला काढून द्यायला मी आहे ना?"

डबेही मिस्त्रींनीच हौसेने नव्या कपाटांत लावले. साखर पुन्हा वर गेली. "अहो, जरा डबा," म्हटलं की पेपरामागून "आलो, आलो" यायचं. माणूस यायचा नाही. शेजारणी कपाटांवरून हात फिरवून म्हणायच्या, नशीब काढलंत हो तुम्ही. अशा वेळी बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मध्यंतरी मिस्त्री काही दिवस बहिणीकडे राहायला गेले. परत आले, चहाची वेळ होती म्हणून स्वतःच डबा काढायला गेले. जाताना भरून ठेवला होता तसाच, काठोकाठ. त्यांना कोण आनंद झाला.

"बघितलंस? माझ्यावाचून तुझं पान हलत नाही."

बाईंनी त्यांच्या कपात साखर घातली. आपला कप तसाच उचलला.

"अगं, तुला नको?"

"नको. तुम्ही नव्हता तेव्हा बिनसाखरेचाच पीत होते. वाईट नाही लागत." बाईंनी एक घोट घेतला. "तुमच्या आईच्या वेळीच ही सवय लावून घेतली असती, तर एवढी वर्षं कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं."