कोरे फोन आणि धाकटीचा मेसेज

ऑफिसात तिला सगळे जेलरबाई म्हणत. फोन बनवणाऱ्या कंपनीत नवी ॲप्स तपासायचं तिचं काम. प्रत्येक ॲपनं आपापल्या बंद खोलीत राहायचं, शेजारी डोकावायचं नाही. या खोलीला ती मंडळी सँडबॉक्स म्हणतात. कुणी आगाऊपणा केला की बाई त्याला थेट बाहेरचा रस्ता दाखवायची.

तपासणीचे फोन मात्र कोरे करकरीत. ना फोटो, ना मेसेज. चोर सुटलाच, तरी चोरणार काय, कपाळ? हे तिला कधीच पटलं नव्हतं. म्हणून पास केलेलं ॲप ती काही दिवस स्वतःच्या फोनवर वापरून बघायची. साहेबांना कोण कौतुक!

बॅटरी वाचवणारं एक साळसूद ॲप तिनं असंच घेतलं. फोनच्या सिस्टिममध्येच एक भगदाड होतं, कुणाला पत्ता नव्हता. ॲप त्यातून निसटलं, मेसेजमध्ये शिरलं आणि हाती लागेल ते, खाली आपली लिंक चिकटवून, तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला पाठवत सुटलं. लोक लिंक दाबणार, की त्यांचेही फोन ताब्यात.

त्यात धाकट्या बहिणीचा मेसेज होता. "ताई, सोमवारी मुलीला घेऊन मी हे घर सोडतेय. तोवर कुणाला बोलू नकोस." तो धाकटीच्या नवऱ्याला गेला. सासूलाही गेला.

ऑफिसात एकच धावपळ उडाली. भगदाड बुजवलं. तिच्या फोनमुळेच ते सापडलं म्हणून साहेबांनी पाठ थोपटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला काहीच वाटलं नाही. रडूही येईना. टाळ्या थांबल्यावर ती खुर्चीत बसली आणि पुढचं ॲप उघडलं.

संध्याकाळी तिनं धाकटीला फोन लावला.

"अगं, चूक सिस्टिमची होती. ते ॲप..."

"मी तुला सांगितलं होतं, ताई. तुझ्या फोनला नाही."

"चोरी झाली गं."

"चोराला घरात कुणी घेतलं?"

"मग सोमवारी?" ताईनं विचारलं.

"कसला सोमवार. मुलीला यांनी नणंदेकडे नेऊन ठेवलंय. तिला सोडून मी कुठे जाणार?"

"मी येऊ का?"

"ये ना. सासूबाई बसतील आपल्यात." धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "ठेवते. खोलीचं दार उघडं ठेवायला सांगितलंय मला."

"बरं," ताई म्हणाली.